म्हशीच्या डोक्यातली रात्र

पिनिअल ग्रंथी मी पहिल्यांदा पाहिली ती बुलढाण्याच्या कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या टेबलावर, बकऱ्याच्या मुंडक्यात. एवढीशी होती, तुरीच्या दाण्याएवढी. रंग मातकट. वर्गातल्या बाकीच्यांना ती पाहून काय वाटलं मला माहीत नाही. दोघा-तिघांना तर काहीच वाटलं नसावं, कारण ते नाकाला रुमाल लावून खिडकीकडे पळाले होते. मला मात्र आमची म्हैस आठवली, आणि त्या दिवशी माझं वहीतलं चित्र काढायचं राहून गेलं.

म्हैस आठवायला कारण होतं. घरी तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूला. महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं झाली होती आणि सरकारनं जे जे द्यायचं कबूल केलं होतं ते एकेक करून आमच्याकडे येत होतं, म्हणजे मोताळ्यापर्यंत लवकर आणि आमच्यापर्यंत सावकाश. घरात बाबा, माय आणि मी. भिंतीला भिंत लावून काकांचं घर, आणि दोन्ही घरांचा गोठा एकच. त्या गोठ्यात बैलजोडी, काकांची गाय आणि मायची म्हैस.

मायची म्हणजे खरोखरच मायची. लग्नात तिला माहेराहून एक म्हैस आंदण मिळाली होती, तिची ही नात. बाबा बैलांकडे पाहायचे, म्हशीकडे पाहायचं तर मायला विचारून. माय तिच्याशी दिवसभर बोलायची. मी शाळेत पहिली आले तेव्हा ते मायनं आधी म्हशीला सांगितलं आणि मग बाबांना. याचा मला तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

म्हशीचं एक मात्र होतं, ती वेळेची पक्की. जेव्हा केव्हा माजावर यायची तेव्हा दसरा-दिवाळीच्या आसपासच यायची, दिवस लहान व्हायला लागले की. मग पुढच्या श्रावण-भादव्यात, बांधावर गवत कमरेएवढं झालं की व्यायची. तिच्या आईचं तसंच, आजीचं तसंच. तिला पंचांग कोण सांगतं, असं मी लहानपणी मायला विचारलं होतं. माय म्हणाली, "तिले समजते." आमच्याकडे अवघड प्रश्नांना हेच उत्तर होतं.

मग गावात वीज आली.

आधी खांब आले. ते कित्येक महिने नुसतेच आडवे पडून होते आणि त्यांच्यावर बसून म्हातारी माणसं गप्पा मारायची. मग उभे राहिले, मग तारा आल्या, आणि एका संध्याकाळी गावात पाच-सहा घरं एकदम उजळली. त्यात आमचं एक होतं. बाबांनी दोन बल्ब घेतले, एक घरात आणि एक गोठ्यात. गोठ्यापर्यंत वायर नेण्यासाठी खटपट सगळी काकांनी केली, त्यामुळे तो बल्ब आपल्याच मालकीचा असल्यासारखे ते लोकांना बोलावून बोलावून दाखवायचे.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दिवेलागणीला माय गोठ्यात पणती लावायची. गुरं म्हणजे लक्ष्मी, तिच्यासमोर अंधार ठेवायचा नाही. हात जोडायची, म्हशीच्या कपाळाला बोट लावायची आणि यायची. त्या दिव्यावर फुंकर मारायची नाही, हातानं मालवायचा नाही. तेल सरलं की तो आपोआप शांत व्हायचा, आणि मायच्या हातचं तेल असं बेताचं की आमची जेवणं आटोपेपर्यंत पणती आटोपलेली असायची. पुढची सगळी रात्र गोठा काळाकुट्ट.

बल्ब लागला त्या संध्याकाळी मायनं लाकडी बोर्डाला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि बटण दाबलं. झालं. तो आता लक्ष्मीसमोरचा दिवा झाला. पणतीची जागा त्यानं घेतली आणि पणतीचे सगळे नियमही त्यालाच लागू झाले. म्हणजे तो हातानं मालवायचा नाही. पण याचं तेल सरेना! सकाळी ऊन गोठ्यात आलं, आता उजेडात उजेड मिसळला, दिवा मालवल्याचं पाप नाही, अशी खात्री पटली की मग माय बटण वर करायची. मधेच लाईट गेली तर मायला हायसं वाटायचं, की चला, आज आपला आपण शांत झाला.

बाबा एकदा म्हणाले, "रातभर कोनाले पाहाचं हाये गोठ्यात?"

माय म्हणाली, "लक्ष्मीले." बाबांचं तसंही बोलणं कमी, आणि देवाधर्मात तर ते मायला बिनतोड वकील समजायचे.

त्या साली म्हैस माजावर यायची होती. दसरा गेला, दिवाळी गेली. ती रवंथ करत बसली. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. जुनं दूध आटत आटत थांबलं. ढोरांचा डॉक्टर येऊन कोपरापर्यंत हात घालून तपासून गेला आणि म्हणाला, म्हशीत काही खोट नाही, वाट पाहा. मायनं गूळ दिला, भिजवलेली मटकी दिली, कोणी सांगितलं म्हणून कोवळा बांबूचा पाला दिला. म्हैस सगळं आवडीनं खाऊन अंगानं छान भरली, बस.

तेवढ्यात काकांना एक शोध लागला. ब्लॉक ऑफिसच्या माणसांच्या नादानं त्यांनी पांढऱ्या विलायती कोंबड्या आणल्या होत्या, आणि त्या माणसांनीच सांगितल्याप्रमाणे खुराड्यात रात्री बल्ब लावला होता. कोंबड्या जोमात अंडी द्यायला लागल्या. काका हरखून गेले. एका संध्याकाळी ओसरीवर येऊन म्हणाले, "कोंबडीले उजेड देला त अंडे वाढले. मंग म्हशीनं काय घोडं मारलं? वयनी, आपला बल्बच बारका पडून राह्यला."

आणि बल्ब मोठा झाला. चांगला शंभराचा. रात्री रोहिणखेडच्या रस्त्यानं येणाऱ्याला आमचा गोठा दुरून दिसायचा, आणि त्यातली आमची म्हैस, न्हाऊन पावडर लावून बसल्यासारखी. दुसरं वर्ष तसंच निघालं. दुसऱ्या वर्षाचा दसराही कोरडा गेला तेव्हा बाबा बोलले.

"दोन वर्सं झाले. भाकड ढोर कवापरेंत पोसाव? संकरातीपरेंत पाहू. नाई त बाजार."

बाजारात भाकड म्हैस कोण घेतं आणि तिचं पुढे काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मायनं म्हशीच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ बांधली. मी तेव्हा चार दिवसांसाठी घरी आले होते. ती माळ पाहिली आणि मला बाबांचा, काकांचा, ढोरांच्या डॉक्टरचा, सगळ्यांचा एकदम राग आला. मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी घरातली सगळी भांडी घासून झाली आणि तशीच एसटीत बसून मी कॉलेजला परतले.

आणि त्याच आठवड्यात बकऱ्याचं मुंडकं.

आमचे सर पुण्याकडचे. मी बोलता बोलता 'का'च्या जागी "काऊन" म्हटलं की ते मान वाकडी करून हसायचे, त्यामुळे त्यांच्या तासाला मी सहसा तोंड उघडत नसे. पण माणूस शिकवण्यात हुशार. त्यांनी कवटी करवतीनं वर्तुळात कापली, झाकणासारखी उचलली आणि मेंदूचे दोन अर्धे हलक्या बोटांनी बाजूला केले, आपण अक्रोडाचे करतो तसे. मागच्या बाजूला, खोल, चार बारीक उंचवटे होते. त्यांच्या पुढे, मेंदूच्या मधल्या पोकळीच्या छताला देठानं चिकटलेली ती ग्रंथी होती. निमुळती, पाइनच्या फळासारखी, म्हणून तिला ते नाव. पाइनचं फळ आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. सर म्हणाले, तुरीचा दाणा समजा. मेंदूत बहुतेक सगळं जोडीजोडीनं असतं, डावं आणि उजवं. ही मात्र एकटी, अगदी मध्यावर. उतारवयात हिच्यात वाळूसारखे कण साठतात, असंही सर म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर काकांच्या डोक्यातला वाळूचा ढीग उभा राहिला.

मग सरांनी खिशातून एक सरडा काढला. खरंच काढला, कॉलेजच्या कुंपणावर सकाळी पकडलेला. भिंगातून त्याच्या टाळूवरचा एक फिकट ठिपका आम्हाला दाखवला. "हा त्याचा तिसरा डोळा. आतमध्ये भिंग आहे, पडदा आहे. त्याला चित्र दिसत नाही, पण ऊन कळतं." सरड्यानं आमच्याकडे दोन डोळ्यांनी पाहिलं, तिसऱ्यानं काय केलं कळलं नाही. हा तिसरा डोळा आणि ही ग्रंथी एकाच घराण्यातली, सर म्हणाले. सरड्याच्या घरी डोळा राहिला, बकऱ्याच्या घरी तो कवटीच्या आत गेला, आंधळा झाला आणि दुसऱ्यांच्या सांगण्यावर चालायला लागला.

सांगणारे दोन नेहमीचे डोळे. उजेडाचा निरोप डोळ्यांकडून मेंदूच्या तळाशी जातो, तिथून खाली मानेत उतरतो, मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीवरून परत वर चढतो आणि मग ग्रंथीपाशी पोचतो. मोताळ्याहून बुलढाण्याला निघालेल्या माणसानं आधी मलकापूरला जाऊन यावं तसा हा प्रवास. मला तो फार पटला, आमच्या एसट्या अशाच जायच्या. आणि एवढा वळसा घालून आलेला निरोप काय, तर 'उजेड आहे, गप्प बस.' निरोप यायचा थांबला, म्हणजे अंधार पडला, की ही ग्रंथी कामाला लागते आणि एक रस रक्तात सोडते. तो रस नुकताच सापडला होता, गाईबैलांच्या ढीगभर ग्रंथी वाटून. रात्र मोठी तर रस जास्त वेळ वाहतो, रात्र लहान तर कमी वेळ. जनावराच्या सगळ्या अंगाला यावरून कळतं की बाहेर कोणता ऋतू चालू आहे.

मी उभी राहिले. "सर, कोंबडीला उजेड दिला तर ती अंडी देते."

"देते. तिच्यासाठी लांब दिवस म्हणजे वसंत. पिल्लं तीन आठवड्यांत बाहेर येतात, दाणापाणी तयार असतं."

"मग म्हशीला उजेड दिला तर?"

सर म्हणाले, "विलायती मेंढ्यांचं उलटं आहे. पोटात महिनोन्महिने वाढवायचं, तर दिवस लहान होत जाताना फळायचं, म्हणजे गवताच्या दिवसांत पिल्लू जन्माला येतं. मेंढीला रात्र मोठी झाल्याचं कळलं पाहिजे. म्हशीचं म्हणाल तर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही."

"तिच्यासमोर रात्रभर शंभराचा बल्ब असला तर, सर?"

"रात्रभर? काऊन बरं?" सर म्हणाले आणि वर्ग हसला. मी हसले नाही. दोन वर्षं आमच्या म्हशीला रात्रच झाली नव्हती. दसरा आला, दिवाळी आली, आणि ती बिचारी भर जेठातल्याहून लांब दिवसात बसून रवंथ करत होती.

दिवाळीच्या सुट्टीला घरी गेले ते पिशवी खाली न ठेवताच गोठ्यात. माय शेण काढत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. मायनं घमेलं खाली ठेवलं.

"म्हंजे आपल्या म्हशीच्या डोक्यात शंकराचा डोया हाये म्हनतं?"

"डोया नाई वं माय. डोयाचा चुलत भाऊ समज. उजेड असला का थो गप बसते. अंधार झाला का कामाले लागते."

"चोरावाणी."

"हाव, चोरावाणी. पन चांगल्या कामाचा चोर. आपून रातभर दिवा लावून त्याले कामच करू देऊन नाई राह्यलो. दिवेलागन झाली का थोड्या वेळानं बटन बंद करत जाय, बस."

मायचा चेहरा बदलला. "लक्ष्मीसमोरचा दिवा म्या हातानं मालवू? दिवाळीत?"

मी समजावलं, भांडले, पुस्तक उघडून बकऱ्याच्या मेंदूचं चित्र दाखवलं. माय चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बिचारं." काका आले. त्यांनीही सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मंग माह्या कोंबड्यायच्या डोक्यात हे नाई का?" मी म्हटलं आहे, पण कोंबडीचा हिशेब वेगळा. काका बाबांकडे वळून म्हणाले, "कालिजात हेच शिकवतात. कोंबडीचं येगळं, म्हशीचं येगळं." आणि बल्ब बंद ठेवायला त्यांचा सक्त विरोध, कारण लोक म्हणतील यांची लाईन कापली.

बाबांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. "संकरात," एवढंच म्हणाले.

तीन दिवस माय गोठ्यात जाता-येता बोर्डापाशी थबकायची. मला कळत होतं तिचं काय चाललंय. दिवाही लक्ष्मीचा आणि म्हैसही लक्ष्मी. एकीला धरावं तर दुसरी जाते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी परत निघाले तेव्हा ती मला पोचवायला एसटीच्या फाट्यापर्यंत आली आणि तिथं म्हणाली, "लावलेला दिवा मालवू नये. पन लावलाच नाई त?"

मी म्हटलं, "काय?"

"पणती लावत जाईन मंग. पयल्यासारखी. तेल सरलं का थे आपली शांत. बल्ब लावाचाच नाई, म्हंजे मालवाचा सवालच नाई." आणि मला काही बोलू न देता, "पन कार्तिक सरू दे. दिव्याचा महिना हाये, या महिन्यात म्या दिवा कमी नाई करत."

मी बोटांवर दिवस मोजले. संक्रांत त्यानंतर फार लांब नव्हती. पण मायकडून एवढं मिळालं हेच खूप होतं. एसटी आली, मी चढले. पूर्ण रस्ताभर मी मनात त्या तुरीच्या दाण्याला विनवण्या करत होते.

कार्तिक पौर्णिमेनंतर मायनं बोर्डाला हळदीकुंकू लावलं आणि हात जोडले, पाहुण्याला निरोप देतात तसं. त्या दिवसापासून गोठ्यात पुन्हा पणती. हे मला बाबांनी सांगितलं. ते कामानं बुलढाण्याला आले होते आणि वसतिगृहाच्या फाटकाशी उभ्याउभ्या बोलले. "म्हैस कशी हाये?" मी विचारलं. "बसेल हाये," बाबा म्हणाले. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "थांबा. अंगाला ऋतू बदलल्याचं पटायला वेळ लागतो. आठवडेच्या आठवडे." सर आता काऊन म्हणत नव्हते. दर सोमवारी तास संपला की विचारायचे, "काही खबर?"

संक्रांतीला मी घरी गेले. म्हैस बसलेली होती. माळ गळ्यात होती. मायनं तिलाही तिळगूळ दिला. तिनं तो खाल्ला आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच काहीतरी विसरलोय.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, काका एका व्यापाऱ्याला घेऊन आले. बाबांनीच बोलावलं होतं, शब्द म्हणजे शब्द. माय पणती हातात घेऊन गोठ्याच्या दाराशी येत होती, तेवढ्यात काकांनी आत शिरून खटकन बटण दाबलं. माल उजेडात दाखवावा, एवढाच त्यांचा विचार. शंभराचा बल्ब भप्पकन लागला. म्हशीनं डोळे मिटले. व्यापारी तिच्याभोवती फिरला, बरगड्या दाबल्या, दात पाहिले, पाठीवर थाप मारली. "अंगानं भरली हाये," तो खुशीत म्हणाला. माय दारातच उभी, हातात पणती. येत्या बाजाराला म्हैस न्यायची असं ठरलं आणि सगळे चहाला ओसरीवर गेले.

बल्ब तसाच जळत होता.

मी पुढे झाले आणि बोर्डाकडे हात नेला. मायनं माझं मनगट धरलं. "तू नको."

"अवं माय, आता पुन्हा रातभर..."

"तू नको म्हनलं ना. पाप लागन त मले लागू दे. तुले अजून संसार कराचा हाये."

तिनं पणती भिंतीच्या कोनाड्यात ठेवली. पदराला हात पुसले. बोर्डाला हात लावून तो कपाळाला लावला. मग तिनं बटण वर केलं. जन्मात पहिल्यांदा मायनं दिवेलागणीला लागता दिवा आपल्या हातानं मालवला.

गोठ्यात पणतीएवढा उजेड उरला. माय अंधाराशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "रागावू नको. तुह्या म्हशीले रात पाह्यजे." आणि रडायला लागली. मला ग्रंथीचं देठ, मानेतली गाठ, रक्तातला रस, सगळं पाठ होतं, पण त्या क्षणी मायला काय म्हणावं ते कुठल्याच धड्यात नव्हतं. मी तिला धरून उभी राहिले. म्हैस शेपटीनं माशा मारत होती.

त्यानंतर बाजाराच्या दिवसापर्यंत मायनं काकांना दिवेलागणीनंतर गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. काकांच्या गाईचं दूध मीच काढून नेऊन द्यायची.

बाजाराच्या सकाळी काका धुतलेलं धोतर आणि ठेवणीतली टोपी घालून हजर. बाबा गोठ्यात गेले, मी मागे. माय आधीच आत होती आणि दाव्याला हात लावून उभी होती. "थांबा," ती म्हणाली, "पाहा तिच्याकडे."

म्हैस उभी होती. पुढ्यातला कडबा तसाच होता, तोंड लावलेलं नव्हतं. ती एका जागी ठरत नव्हती, खुंट्याभोवती फिरत होती, कान हलवत होती, आणि मग तिनं मान उंच करून असा हंबरडा फोडला की काकांच्या कोंबड्या पलीकडे फडफडल्या. दोन वर्षांत आम्ही तिचा आवाजच ऐकला नव्हता. बाबांनी दावं सोडलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि ते दावं परत खुंट्याला बांधलं. गाठ दोनदा मारली.

दारातून काका म्हणाले, "भाऊ, उशीर होऊन राह्यला."

"जाय बे," बाबा म्हणाले, "हल्या घिऊन ये."

काकांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग ठेवणीतली टोपी आणि धुतलेलं धोतर तसंच अंगावर ठेवून ते रेडा आणायला गेले. व्यापाऱ्याला निरोप कोणी दिला मला आठवत नाही. कदाचित कोणीच दिला नसेल.

म्हैस गाभण राहिली आणि पुढच्या दिवाळीनंतर व्याली, मादी रेडकू, म्हणजे वगार झाली. श्रावण-भादवा सोडून असं आडवेळी व्यायला ती जराशी ओशाळली असावी असं माय म्हणायची. बांधावरचं गवत तोवर वाळायला लागलं होतं, म्हणून बाबांनी तिच्यासाठी मळ्यात हिरवी मका पेरली. बाबांनी म्हशीसाठी मायला न विचारता केलेली ती पहिली गोष्ट.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांना आनंद झाला, पण ते सर होते. म्हणाले, "एका म्हशीवरून काही सिद्ध होत नाही. ती आपली आपणही आली असेल. सिद्ध करायचं तर एक म्हैस उजेडात ठेवायची आणि एक अंधारात, आणि पाहायचं." बरोबरच होतं त्यांचं. आज इतकी वर्षं शिकवून झाल्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगते. पुढे म्हशींवरही लोकांनी काम केलं, दिवस लहान होताना त्या माजावर येतात हे पुस्तकात आलं. पण आमच्या त्या म्हशीचं नक्की काय झालं, हे तिच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

सरांचं म्हणणं मी घरी जाऊन मायला सांगितलं. ती चुलीपुढं बसून खरवस करत होती.

"उजेडात कोनाची म्हैस ठेवाची?" तिनं विचारलं.

"आता कोनाची तरी ठेवा लागन ना, सिद्ध कराचं त."

"त्याईले म्हन, तुमची आना." मग पातेल्यावर झाकण ठेवून, विस्तवाकडे पाहत म्हणाली, "तुह्या शास्त्राचं तू पाह्य, पोरी. मले येवढंच समजते. तिची रात म्या घेतली होती, थे तिले वापस देली."